ब्रॅम्प्टन ते विंडसर: डॉजच्या मसल कारचे प्रकरण

2022 साली डॉज या मोटार कंपनीने अमेरिकेत सुमारे 55 हजार चॅलेंजर आणि सुमारे 80 हजार चार्जर विकल्या, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये या दोन्ही गाड्यांचे उत्पादन पुढच्या वर्षाअखेर थांबणार असल्याचे जाहीर केले. खप मंदावलेला माल बंद करणे ही कारखानदारीत नेहमीची गोष्ट आहे. पण ज्या चॅलेंजरने सलग दोन वर्षे फोर्ड मस्टँगला विक्रीत मागे टाकले होते ती गाडी, तिचे हेमी नावाचे आठ सिलिंडरांचे इंजिन आणि ती बांधणारी उत्पादनाची साखळी ही तिन्ही एकाच वेळी गुंडाळण्याचा निर्णय सहसा कोणी घेत नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. डिसेंबर 2023 मध्ये कॅनडातील ब्रॅम्प्टनचा कारखाना थांबला. 2024 च्या अखेरीस विजेवर चालणारी चार्जर डेटोना विक्रेत्यांकडे पोहोचू लागली, पण तिला अपेक्षेइतके ग्राहक मिळाले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये मूळ कंपनी स्टेलँटिसचे मुख्य कार्यकारी अधिकारी कार्लोस ताव्हारेस पायउतार झाले, 2025 मध्ये अमेरिकी सरकारचे इंधनविषयक धोरण पुरते उलटे फिरले, आणि ज्या हेमी इंजिनाला समारंभपूर्वक निरोप दिला गेला होता ते त्याच समूहाच्या पिकअप ट्रकमध्ये परत आले.

मसल कारच्या, म्हणजे स्वस्तात मोठी ताकद देणाऱ्या गाडीच्या, भवितव्याची चर्चा बहुधा पेट्रोलवाले आणि वीजवाले अशा दोन गटांत वाटली जाते. हे प्रकरण बारकाईने तपासल्यावर ती वाटणी मला अपुरी वाटते. मसल कार तगते की नाही हे तिच्या इंजिनाच्या जातीपेक्षा तिच्या किमतीवर अधिक ठरत आले आहे, आणि कारखान्याचे वेळापत्रक एखाद्याच सरकारच्या नियमांवर बेतले की ती किंमत हाताबाहेर जाते, असे माझे मत आहे.

स्वस्तातली ताकद

1964 साली जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागाने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत 389 घनइंचाचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे इंजिन बसवून जीटीओ नावाचा पर्याय विकायला काढला. जॉन डीलोरियन तेव्हा पॉन्टिॲकचे मुख्य अभियंते होते. या पर्यायासाठी मूळ किमतीवर सुमारे 300 डॉलर जास्त मोजावे लागत, आणि पहिल्याच वर्षी 32 हजारांहून अधिक ग्राहकांनी ते मोजले. चार वर्षांनी डॉजच्याच मूळ कंपनीच्या, म्हणजे क्रायस्लरच्या, प्लिमथ विभागाने हाच विचार आणखी पुढे नेला. 1968 ची रोड रनर ही दिखाऊ सजावट वगळून, साधी आसने आणि मोठे इंजिन देऊन तीन हजार डॉलरच्या आत विकलेली गाडी होती; कंपनीने धरलेल्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे जवळजवळ 45 हजार गाड्या त्या वर्षी खपल्या.

या दोन गाड्यांत नवीन तंत्रज्ञान जवळपास काहीच नव्हते. सांगाडा कुटुंबाच्या गाडीचा, मागचा आस जुन्या पद्धतीचा, ब्रेक अनेकदा अपुरे. युरोपातील वेगवान गाड्यांपुढे त्या वळणावर टिकत नसत. पण कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या तिशीच्या आतल्या तरुणाला हप्त्यावर परवडेल इतक्या किमतीत त्या सरळ रस्त्यावर महागड्या गाड्यांना मागे टाकत, आणि या वर्गाची ओळख तिथेच ठरली. जिथे दर डॉलरमागे मिळणारी अश्वशक्ती सर्वाधिक, ती मसल कार.

पहिली डॉज चॅलेंजर 1970 साली आली आणि 1974 मध्ये बंद झाली. त्या अल्प आयुष्याचे कारण म्हणून 1973 च्या तेलसंकटाकडे बोट दाखवले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने धुराच्या मर्यादा कडक केल्या, शिसेविरहित पेट्रोलाच्या तयारीसाठी कंपन्यांना इंजिनातील दाबाचे प्रमाण उतरवावे लागले, आणि विमा कंपन्यांनी तरुण चालकांच्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर इतका जादा हप्ता लावला की गाडी घेणे शक्य असूनही ती बाळगणे परवडेना. 426 घनइंचाचे हेमी इंजिन 1971 नंतर मिळेनासे झाले, म्हणजे तेलाचा भाव भडकण्याच्या दोन वर्षे आधी. तेलसंकटाने शेवटचा धक्का दिला, पण ग्राहक त्याआधीच किमतीमुळे दुरावू लागला होता.

जुन्या सांगाड्याचा लाभ

2008 साली चॅलेंजर परतली ती 6.1 लिटरच्या, 425 अश्वशक्तीच्या हेमी इंजिनासह. तिचा सांगाडा चार्जर आणि क्रायस्लर 300 यांच्याच कुळातला होता. डेमलर आणि क्रायस्लर एकत्र असतानाच्या काळात तो घडला असल्याने त्याच्या चाकांच्या जोडणीत मर्सिडीजच्या रचनेचा वारसा होता. हे सर्व ब्रॅम्प्टनच्या एकाच जुळणी कारखान्यात होत असे.

पुढची पंधरा वर्षे डॉजने हा सांगाडा मुळातून बदलला नाही. वाहन समीक्षक त्याला वारंवार जुनाट म्हणत, आणि वजन व वळणावरची चपळाई या कसोट्यांवर ते बरोबरही होते. परंतु साचे, यंत्रे आणि अभियांत्रिकी यांचा खर्च वसूल झालेला असल्यामुळे प्रत्येक नव्या आवृत्तीत पैसा फक्त ताकदीवर घालता येत होता. 2014 मध्ये आलेल्या हेलकॅट या आवृत्तीत 6.2 लिटरच्या इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून भरणारे यंत्र, बसवून 707 अश्वशक्ती काढली होती, आणि तिची किंमत सुमारे 60 हजार डॉलर होती. इतकी ताकद देणारी दुसरी गाडी तेव्हा या किमतीच्या आसपासही नव्हती. तिच्या खाली 6.4 लिटरची, 485 अश्वशक्तीची स्कॅट पॅक होती. माझ्या दृष्टीने या कहाणीची खरी नायिका तीच, कारण वर्तमानपत्रांत हेलकॅटचे फोटो येत असले तरी पगारदार माणसाच्या आवाक्यातली मोठ्या इंजिनाची गाडी हीच होती.

या धोरणाचे टोक म्हणजे चॅलेंजरची 2023 ची डेमन 170 ही आवृत्ती. तीन लिटर क्षमतेचा सुपरचार्जर, 85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर 1,025 अश्वशक्ती, आणि पाव मैलाचे अंतर 8.91 सेकंदांत पार केल्याचा कंपनीचा दावा. इथेनॉलची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. सुपरचार्जर हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो, दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या मिश्रणात ठिणगीच्या आधीच स्फोट होण्याचा धोका असतो. इथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलापेक्षा कितीतरी अधिक उष्णता शोषून घेते, त्यामुळे मिश्रण थंड राहते आणि दाब आणखी वाढवता येतो. साध्या पेट्रोलावर हेच इंजिन 900 अश्वशक्ती देत असे. ही गाडी फक्त 3,300 जणांसाठी होती, पण पुढच्या नुकसानीचे बीज याच सुमारास रुजले असावे असे मला वाटते: कंपनीचे लक्ष सर्वाधिक खपणाऱ्या आवृत्तीवरून सर्वाधिक गाजणाऱ्या आवृत्तीकडे सरकले.

याच काळात पन्नास वर्षांपूर्वीची एक अडचणही परत आली. अमेरिकेतील विमा उद्योगाच्या आकडेवारी संस्थेने 2020 ते 2022 या वर्षांच्या गाड्यांचे दावे तपासले, तेव्हा चार्जर हेलकॅटच्या चोरीचे प्रमाण सरासरी गाडीच्या साठपटींहून अधिक निघाले. चोऱ्या वाढल्या की विम्याचा हप्ता चढतो, आणि गाडीची किंमत न बदलताही ती महाग होते.

दंडाचे गणित

चालती गाडी बंद करण्यामागचे मुख्य कारण सरासरी इंधनक्षमतेचा अमेरिकी कायदा हे होते. 1975 साली झालेल्या या कायद्यानुसार कोणत्याही एका गाडीवर बंदी नसते. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांची सरासरी मोजली जाते. प्रत्येक गाडीचे लक्ष्य तिच्या चार चाकांमधील क्षेत्रफळावरून ठरते, आणि मोटारी व हलके ट्रक यांच्यासाठी वेगवेगळी कोष्टके असतात. सरासरी लक्ष्याच्या खाली गेली की कंपनीने एकतर लक्ष्याहून चांगली सरासरी राखणाऱ्या इतर कंपन्यांकडून त्यांचे जादा गुण विकत घ्यायचे किंवा दंड भरायचा. गॅलनमागे दर दशांश मैलाच्या तुटीसाठी आणि प्रत्येक विकलेल्या गाडीसाठी हा दंड पूर्वी साडेपाच डॉलर होता; 2022 मध्ये वाहतूक सुरक्षा प्रशासनाने तो 2019 च्या गाड्यांपासून 14 डॉलर केला. म्हणजे सरासरी एक मैलाने कमी पडली तर विकलेल्या प्रत्येक गाडीमागे 140 डॉलर, मग ती गाडी स्वतः कितीही काटकसरी असो.

डॉजची मूळ कंपनी फियाट क्रायस्लरचा, आणि 2021 नंतर स्टेलँटिसचा अमेरिकेतील माल मुख्यतः पिकअप, जीप आणि हेमी इंजिनाच्या मोटारी असा होता. लहान, कमी इंधन पिणाऱ्या मोटारी कंपनीने आधीच सोडून दिल्या होत्या. त्यामुळे सरासरी सावरायला काहीच उरले नव्हते. 2018 आणि 2019 या वर्षांच्या तुटीपोटी स्टेलँटिसने 23 कोटी 55 लाख डॉलर दंड भरला, आणि टेस्लासारख्या कंपन्यांकडून गुण विकत घेण्याचा खर्च त्याहून वेगळा. पुढे मर्यादा आणखी कडक होणार हे दिसत होते. त्या स्थितीत जुलै 2021 मध्ये डॉजने विजेच्या मसल कारची घोषणा केली, ती निव्वळ हौस नव्हती. त्या दिवशीच्या नियमांकडे पाहून मीही बहुधा तेच केले असते.

चूक त्यापुढच्या दोन गृहीतकांत आहे. पहिले असे की हे नियम याच दिशेने कडक होत राहतील. दुसरे असे की जो ग्राहक पन्नास हजार डॉलरच्या आतल्या स्कॅट पॅकसाठी येत होता तोच साठ ते त्र्याहत्तर हजारांच्या विजेच्या गाडीसाठीही येईल.

चार्जर डेटोना

मार्च 2024 मध्ये दाखवलेली नवी चार्जर स्टेलँटिसच्या मोठ्या गाड्यांसाठीच्या नव्या सांगाड्यावर उभी होती आणि तिची जुळणी ओंटारियोतील विंडसर येथे होणार होती. हा सांगाडा वीज आणि पेट्रोल दोन्हींसाठी आखलेला आहे, ही बाब पुढे निर्णायक ठरली. विजेच्या आवृत्तीत सुमारे 100 किलोवॉट-तासांची बॅटरी, पुढे आणि मागे एकेक मोटर, आणि स्कॅट पॅकमध्ये 670 अश्वशक्ती होती. कंपनीच्या दाव्यानुसार पाव मैल 11.5 सेकंदांत. हा आकडा जुन्या 485 अश्वशक्तीच्या स्कॅट पॅकपेक्षा चांगला आहे, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण ही गाडी मंद होती म्हणून खपली नाही असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही.

वजनाची गोष्ट मात्र वेगळी. स्कॅट पॅक डेटोनाचे वजन सुमारे 2,650 किलो आहे. डेमन 170 चे 1,940 किलो होते. या जादा सातशे किलोंचा परिणाम सरळ रस्त्यावर मोटरांच्या तात्काळ ओढीमुळे झाकला जातो, पण ब्रेक, टायर आणि वळण यांच्यापासून तो लपत नाही. एका चार्जमध्ये सुमारे 390 किलोमीटरचा पल्लाही त्या किमतीच्या इतर विजेच्या गाड्यांच्या मानाने साधारणच होता.

डॉजने सर्वाधिक कष्ट आवाजावर घेतले. मागच्या भागात, जिथे पेट्रोलच्या गाडीत धुराची नळी असते तिथे, कक्ष असलेली एक पेटी बसवली; विजेवर निर्माण केलेला ध्वनी तिच्यातून घुमून बाहेर पडतो, आणि तो हेलकॅटइतका, म्हणजे 126 डेसिबलपर्यंत मोठा असल्याचे कंपनीने सांगितले. मोठेपणा मोजण्याच्या पट्टीवर हे साधलेही असेल. पण अमेरिकी व्ही-8 चा, म्हणजे चार-चारच्या दोन रांगांत आठ सिलिंडर असलेल्या इंजिनाचा, आवाज मोठेपणापेक्षा त्याच्या अनियमिततेमुळे ओळखू येतो. या इंजिनाच्या भुजादंडाचे (क्रँकशाफ्टचे) कोपरे एकमेकांशी काटकोनात असतात. आठही सिलिंडर मिळून ठिणग्या समान अंतराने पडतात, पण डाव्या किंवा उजव्या एका रांगेपुरते पाहिले तर हे अंतर कमीजास्त होते: कधी दोन स्फोट लागोपाठ, मग एक लांब विराम. त्या रांगेच्या धुराच्या नळीत दाबाच्या लाटा त्यामुळे अडखळत येतात, आणि गाडी जागेवर उभी असताना जी खदखद ऐकू येते ती याच अडखळण्यातून उपजते. इंजिनाच्या आत चाललेल्या कामाची ती खूण असते. भार वाढला, थंडी असली, एखादा सिलिंडर नीट पेटत नसला, की ती बदलते. गाडी स्वतः दुरुस्त करणारा माणूस इंजिनाची तब्येत अशी कानाने ओळखतो. डेटोनाच्या पेटीतला आवाज वेगाबरोबर वरखाली होतो, पण मोटरच्या तब्येतीबद्दल त्यातून काही कळत नाही.

जून 2025 मध्ये 8,390 डेटोना गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण ध्वनिवर्धकाच्या आज्ञावलीतील दोषामुळे काही गाड्या बाहेर आवाजच करत नव्हत्या. कमी वेगात पादचाऱ्यांना, विशेषतः दृष्टिहीनांना, सावध करणारा आवाज विजेच्या गाडीने करणे अमेरिकेत कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे हा सुरक्षिततेचा गंभीर प्रश्न होता. दोष आज्ञावली बदलून दुरुस्त होण्यासारखा होता. गाडीच्या नावाला बसलेला धक्का तसा नव्हता.

किमती सुरुवातीला 59,595 डॉलर आणि स्कॅट पॅकसाठी 73,190 डॉलर अशा ठेवल्या गेल्या. 2025 च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत दोन हजारांहूनही कमी डेटोना विकल्या गेल्या. जुन्या जोडगोळीचा खप याच बाजारात वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे होता, हे लक्षात घेतले की खड्डा किती खोल होता ते कळते. दरम्यान कोठारातील जुन्या गाड्या संपत आल्या, पेट्रोलची नवी चार्जर अजून यायची होती, आणि 2024 मध्ये डॉजची एकूण अमेरिकी विक्री सुमारे 30 टक्क्यांनी घसरली. जुने बंद करून नवे सुरू होईपर्यंतचा हा रिकामा काळ मला या प्रकरणातील सर्वांत टाळता येण्याजोगा दोष वाटतो. दोन्ही इंधनांचा सांगाडा हाताशी असताना पेट्रोलची गाडी आधी किंवा निदान बरोबरीने आणणे शक्य होते; विजेची गाडी आधी आणून ग्राहकाला सवय लावण्याचा प्रयत्न झाला, आणि ग्राहक दुसऱ्या दुकानात गेला.

2025 ची पलटी

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर 25 टक्के कर लावला. कॅनडात जुळणी होणाऱ्या गाड्यांना त्यातील अमेरिकी सुट्या भागांच्या प्रमाणात सवलत होती, तरी विंडसरच्या चार्जरचा हिशेब बिघडलाच, आणि डेटोनाची स्वस्त आवृत्ती 2026 च्या यादीतून पुढे ढकलली गेली. म्हणजे उरली ती महागडीच. जूनमध्ये गाड्यांच्या धुराबाबत स्वतंत्र नियम करण्याचा कॅलिफोर्नियाचा परवाना काँग्रेसच्या ठरावाने रद्द झाला, आणि त्या राज्याने लगेच न्यायालयाचे दार ठोठावले. 4 जुलैला राष्ट्राध्यक्षांनी सही केलेल्या मोठ्या वित्तीय कायद्याने सरासरी इंधनक्षमतेचा दंड शून्यावर आणला. 30 सप्टेंबरला विजेच्या गाड्यांवरील साडेसात हजार डॉलरची करसवलत संपली.

यातील दंडाची गोष्ट नीट पाहायला हवी. त्या कायद्याने मानके रद्द झाली नाहीत. ती मोडल्याची शिक्षा तेवढी काढून टाकली. उद्या दुसऱ्या विचाराची काँग्रेस आली तर एका दुरुस्तीने तो आकडा परत येऊ शकतो. आणि नवी गाडी कागदावरून रस्त्यावर यायला चार-पाच वर्षे लागतात, मग ती निदान सात-आठ वर्षे विकावी लागते तेव्हा खर्च निघतो. अमेरिकेत या काळात दोन किंवा तीन राष्ट्राध्यक्षीय निवडणुका होतात. डॉजने 2021 च्या हवेवर बेतून विजेची गाडी केली आणि ती 2025 च्या हवेत बाहेर आली. 2025 च्या हवेवर बेतून कोणी निव्वळ व्ही-8 ची नवी गाडी आखायला घेतली, तर ती 2030 च्या हवेत बाहेर येईल, आणि ती हवा कशी असेल हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्या मते अनिश्चितता म्हणतात ती इथे आहे. इंजिनाच्या तंत्रज्ञानात ती फारशी नाही.

याच काळात टिम कुनिस्किस परतले. डॉजच्या हेलकॅट पर्वाचे नेतृत्व त्यांनीच केले होते आणि विजेच्या मसल कारची घोषणाही त्यांनीच केली होती. 2024 च्या मध्यास ते निवृत्त झाले, आणि ताव्हारेस गेल्यानंतर काही दिवसांतच त्यांना रॅम या समूहाच्या पिकअप ब्रँडची सूत्रे देण्यात आली. जून 2025 मध्ये रॅमने 5.7 लिटरचे हेमी इंजिन पिकअपमध्ये परत आणल्याचे जाहीर केले, आणि पहिल्या चोवीस तासांत दहा हजारांहून अधिक मागण्या आल्याचे सांगितले.

हा दाखला माझ्या किमतीच्या मुद्द्याला छेद देतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. रॅममधील हेमी 395 अश्वशक्ती देते. तिच्या जागी आणलेले सहा सिलिंडरांचे हरिकेन इंजिन 420 देते, इंधनही कमी पिते. तरीही ग्राहक हेमीसाठी 1,200 डॉलर जास्त द्यायला रांगेत उभे राहिले. म्हणजे निव्वळ डॉलरमागे अश्वशक्ती हा हिशेब पुरेसा नाही. आवाज, सवय आणि दीर्घकाळ टिकण्याबद्दलचा विश्वास यांनाही ग्राहक पैसे मोजतो. फरक इतकाच की तो 1,200 मोजतो, 14 हजार किंवा 20 हजार नाही.

व्ही-8 आधी परतले ते पिकअपमध्ये, आणि डुरँगो या मोठ्या एसयूव्हीत तर ते थांबलेच नाही, यालाही नियमांचे कारण आहे. या गाड्या हलक्या ट्रकच्या कोष्टकात मोडतात, जिथे लक्ष्य आधीपासून सैल आहे. मोटारीत मोठे इंजिन घालणे नियमांच्या दृष्टीने सर्वाधिक महाग पडते, आणि मसल कार ही मोटारच आहे.

ब्रॅम्प्टन

22 डिसेंबर 2023 रोजी शेवटची चॅलेंजर, एक काळी डेमन 170, ब्रॅम्प्टनच्या पट्ट्यावरून उतरली. तिथल्या सुमारे तीन हजार कामगारांना सांगितले गेले होते की कारखान्याची नव्याने बांधणी होईल आणि नवी जीप कंपास इथे तयार होईल. त्यासाठी 2022 मध्ये विंडसर आणि ब्रॅम्प्टन मिळून 3.6 अब्ज कॅनेडियन डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा झाली होती, आणि संघराज्य व ओंटारियो सरकारांनी त्यात मोठा वाटा उचलण्याचे कबूल केले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये हे काम थांबवण्यात आले. ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीने अमेरिकेत 13 अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर करताना कंपास इलिनॉयमधील बेल्व्हिडियरला हलवली. कॅनडा सरकारने प्रत्युत्तरादाखल स्टेलँटिसची करमुक्त आयातीची मर्यादा निम्म्यावर आणली.

कंपास हे नाव मराठी वाचकाला परके नाही. तिची आधीची पिढी 2017 पासून पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होते आणि उजव्या बाजूला सुकाणू असलेल्या देशांना तिथून निर्यातही झाली आहे. एका जागतिक समूहाच्या यादीतील एखादे मॉडेल कुठल्या गावाच्या वाट्याला येईल हे त्या गावाच्या कसबापेक्षा आयात कर आणि निवडणुकीचे निकाल ठरवतात, ही जाणीव पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यालाही असते. मसल कारच्या भवितव्यावर लिहिताना ती गाडी चालवणाऱ्याचाच विचार होतो. ब्रॅम्प्टनमध्ये ती बांधणारे हात दोन वर्षांनंतरही रिकामे होते, आणि या प्रकरणाच्या जमाखर्चात ती नोंद सर्वांत वर असायला हवी असे मला मनापासून वाटते.

मस्टँगची तुलना

शेव्हरोलेने कमारो या आपल्या मसल कारचे उत्पादन डिसेंबर 2023 मध्येच थांबवले आणि तिच्या जागी काहीच आणले नाही. फोर्डने मात्र 2024 साठी मस्टँग नव्याने सादर केली आणि तिच्यात पाच लिटरचे व्ही-8 कायम ठेवले. विजेची मस्टँग मॅक-ई ही वेगळी, एसयूव्ही वळणाची गाडी आहे. नाव उसने घेतल्याबद्दल जुन्या चाहत्यांनी तिच्यावर टीका केली, पण तिने मूळ गाडीची जागा घेतली नाही, त्यामुळे नाराज ग्राहकालाही त्याच दुकानात त्याची गाडी मिळत राहिली. 2024 मध्ये अमेरिकेत सुमारे 44 हजार मस्टँग विकल्या गेल्या. हा आकडा 1960 च्या दशकाच्या तुलनेत लहान आहे, पण मस्टँग 2015 पासून उजव्या सुकाणूसह युरोप आणि ऑस्ट्रेलियातही जाते, भारतातही 2016 ते 2020 या काळात मिळत होती, आणि तिचा विकासखर्च अनेक बाजारांत वाटला जातो. शिवाय फोर्डकडे संकरित (हायब्रिड) पिकअप आणि विजेच्या गाड्या होत्या, ज्यांनी सरासरी तोलून धरली. चॅलेंजरला ना फारसा परदेशी बाजार होता ना घरात तिचा भार उचलणारी काटकसरी भावंडे.

पुढे काय

2025 च्या उत्तरार्धात चार्जर सिक्सपॅक आली: हरिकेनचे तीन लिटरचे, दोन टर्बोंचे, ओळीत सहा सिलिंडरांचे इंजिन, 420 किंवा 550 अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद आणि हवी तेव्हा ती फक्त मागच्या चाकांकडे वळवण्याची सोय. किंमत सुरुवातीला 49,995 डॉलरपासून, 550 अश्वशक्तीची स्कॅट पॅक 54,995 पासून. डॉलरमागे अश्वशक्तीचा जुना हिशेब इथे पुन्हा जुळतो, आणि म्हणूनच मला ही आवृत्ती गाजावाजा झालेल्या इतर सर्व बातम्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. तिचा आवाज समान अंतराच्या ठिणग्यांचा, सरळ चढत जाणारा आहे. खदखद त्यात नाही. रॅमचा अनुभव धरला तर काही ग्राहक एवढ्यासाठी थांबतील.

या चार्जरमध्ये व्ही-8 घालावे का, हा प्रश्न आता डॉजपुढे आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण अटींसह. ते इंजिन पिकअपसाठी तयार होतच असल्याने त्याचा खर्च वाटला गेलेला आहे. तेव्हा ते पर्याय म्हणून यावे, सिक्सपॅकच्या जागी नव्हे, आणि त्याची जादा किंमत ग्राहक रॅममध्ये मोजतो त्याच पातळीवर असावी. विजेची आवृत्तीही चालू ठेवावी, कमी संख्येने का होईना, कारण दंडाचा आकडा परत आला तर सरासरी सावरणारे काहीतरी त्याच पट्ट्यावरून उतरत असले पाहिजे. तीन प्रकारची ताकद एका सांगाड्यात बसवण्याची किंमत वजनात आणि पैशात द्यावी लागते, हे खरे आहे. पेट्रोलची सिक्सपॅकसुद्धा जुन्या चॅलेंजरपेक्षा जड आहे. ते वजन उतरवणे हे पुढच्या काही वर्षांतले खरे अभियांत्रिकी काम आहे, आणि सरकार कोणतेही आले तरी ते वाया जाणार नाही.